हद्दीपाशी वळलेले बैल

नोव्हेंबर १८४६, डुक्कर कापल्याच्या दुसऱ्या दिवशी

जोथम टिल्सन यांस,

पत्र लिहिणं हे माझं काम नाही. दोन हिवाळे शाळेत गेले, त्यात जेवढं आलं तेवढं आलं. पण नवरा आठ मैलांवर डोंगरात, कोळसेवाल्यांच्या पडक्या झोपडीत जाऊन बसला, आणि वर सांगून गेला की कुणी भेटायला येऊ नये, मला माझ्या आतला आवाज ऐकायचाय. तेव्हा हा कागद. हायरम भांडीवाला तुमच्या डोंगराखालून जातो. तो नेऊन देईल.

काल डुक्कर कापलं. एकट्या माणसाला डुक्कर कापता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दरवर्षी शेजारच्या क्रोसबींकडचे दोघं आपल्याकडे येतात, मग आपण त्यांच्याकडे जातो. यंदा कुणी फिरकलं नाही. का फिरकलं नाही, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

बॉस्टनच्या त्या वक्त्याचं व्याख्यान संपलं आणि तुम्ही सगळ्या गावासमोर उभे राहिलात. म्हणालात, आजपासून टिल्सनांचं घर स्वतःच्या पायावर उभं राहील. आम्ही कुणाची सावड घेणार नाही, कुणाला देणार नाही. तुझ्या गवताला मी, माझ्या गवताला तू, हे सगळं एकमेकांच्या कुबड्या घेऊन चालणं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या बाकावर मोजा विणत होते. टिल्सनांच्या घरात आणखी कोण राहतं, असं कुणी विचारलं नाही.

आपलं गाव कसं आहे ते माहीत असून तुम्ही हे केलंत. इथं स्वतःचा शब्द मोडणाऱ्याचं कुणी तोंड बघत नाही, आणि दुसऱ्याला त्याचा शब्द मोडायला लावणं म्हणजे त्याहून वाईट. तुम्ही मदत नको म्हणालात म्हणून लोक मान राखतायत. इतका मान राखतायत की परवा मी पिंप उचलताना धडपडले, तर रस्त्यावरून जाणाऱ्या क्रोसबींच्या सायलसनं मान वळवून दुसरीकडे बघितलं. बिचाऱ्याला वाटलं, बघितलं तर माझा अपमान होईल.

शेवटी हायरमलाच धरला. तो आला होता चाळणी विकायला.

"मावशी, मी कथलाची भांडी विकतो. खाटीक नव्हे मी."

"पाय धर आणि गप्प राहा."

"पुढचे की मागचे?"

"जे लाथ मारतात ते."

त्यानं लाथ खाल्ली, मी काम उरकलं, आणि तो मांसाचा एक फरा घेऊन गेला. तुम्ही आता मांस खात नाही असं तो म्हणाला. बरं झालं. तुमचा वाटा वाचला.

आता मुख्य गोष्ट. जाताना, गाठोडं खांद्यावर टाकल्यावर, तुम्ही मला सांगितलंत की मार्चच्या गावसभेपर्यंत मला एकटीला झेपलं नाही तर प्रार्थनाघराचे डीकन क्रोसबी आपलं शेत अर्धेलीनं करतील, तुमचं त्यांच्याशी बोलणं झालंय, आणि मी माझ्या भावाकडे, लेम्युएलकडे राहायला जाईन. माझ्या भल्यासाठी, म्हणालात. सव्वीस वर्षं मी ज्या चुलीची राख काढली ती सोडून भावजयीच्या चुलीपाशी उपरी होऊन बसण्यात माझं भलं कसं, ते तुमच्या आतल्या आवाजाला विचारून कळवा. मी इथून हलणार नाही. पण लाकूडफाटा जेमतेम आहे, आणि एकटीनं हिवाळा काढून दाखवायचा तर तो माणसानं काढायचा हिवाळा नाही, हे तुम्हीही जाणता.

तेव्हा परत या. व्याख्यान ऐकून झालं, डोंगर बघून झाला.

डॉर्कस


थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार

तुमचं उत्तर मिळालं. चार पानं. मी दोनदा वाचलं, एकदा तुम्ही येणार की नाही ते शोधायला आणि एकदा खात्री करायला. येणार नाही, हे तिसऱ्या पानावर, एका घुबडाच्या वर्णनाखाली सापडलं.

तुम्ही लिहिता, झाड झाडाला विचारून वाढत नाही. नसेल विचारत. पण ओढ्याकाठच्या भुर्जांची मुळं खाली कशी एकमेकांत गुंतलीयत, ते नांगर अडकल्यावर तुम्हीच शिव्या देत बघितलंय. ते आता विसरलात वाटतं. डोंगरावर नांगर नाही ना.

आणखी लिहिता की एकटेपणा हा सगळ्यात चांगला सोबती. मी यावर दोन दिवस विचार केला, कारण तुम्हाला वाटतं मी विचार करत नाही. तुम्ही एकटे राहता आणि मी एकटी पडले, हे बाहेरून सारखंच दिसतं. दोघांच्या धुराड्यातून एकएक धूर निघतो. पण तुमचं तुम्ही ठरवलंत. माझंही तुम्हीच ठरवलंत. एवढा फरक सोडला तर मला तुमच्या वक्त्याचं फारसं काही चुकीचं वाटत नाही. हो, मी ऐकलं होतं सगळं. मोजा विणताना कान बंद होत नाहीत. माणसानं दुसऱ्याच्या डोक्यानं चालू नये असं तो म्हणाला तेव्हा माझा एक टाका सुटला होता.

थँक्सगिव्हिंगला लेम्युएलकडे गेले. जेवण चांगलं होतं, टर्की जरा कोरडी. जेवणानंतर पेशन्स म्हणाली, "वन्सं, वर चला, तुम्हाला एक दाखवायचंय." वरची खोली तिनं झाडून ठेवलीय. छपराला वाळवणाच्या जुड्या टांगल्यात, कोपऱ्यात तिचा जुना चरखा, आणि माझ्यासाठी खाट. उभं राहिलं की छपराला डोकं लागतं.

"लागतं का हो डोकं?" पेशन्स म्हणाली. "पण तुम्ही काय, बसूनच असाल. विणकाम आहे, मुलांचं ठिगळकाम आहे."

"मी अजून आलेली नाही, पेशन्स."

"तसं नव्हे वन्सं. आधीच केलेलं बरं असतं."

वाईट बाई नाही ती. चांगुलपणानंच माणूस जास्त घाबरतं. मी भोपळ्याचं गोड घेतलं नाही, तशीच घरी आले. वाटभर चालताना एवढंच मनात की ती खाट भिंतीकडून आखूड आहे, माझे पाय बाहेर येतील.

तुमच्यासाठी मोजे पाठवतेय. तुम्ही आता लोकर घालत नाही, मेंढीवर अन्याय होतो, असं हायरम सांगत होता. हे मोजे आपल्या म्हाताऱ्या मेंढीचे आहेत. मी तिला विचारलं. तिची हरकत नाही.

डिसेंबर येतोय. परत या. तिसऱ्यांदा सांगायला मला आवडत नाही.

डॉर्कस


जानेवारी १८४७, मोठ्या बर्फानंतर

टिल्सन,

झोपडी उभी आहे आणि तुम्ही आत जिवंत आहात असं हायरमकडून कळलं, म्हणून लिहिते. नाहीतर हे कुणाला सांगायचं होतं.

तीन दिवस बर्फ पडलं. चौथ्या दिवशी ऊन निघालं तेव्हा खिडकीच्या निम्म्यापर्यंत पांढरं. मी फावड्यानं गोठ्यापर्यंत बोळ काढला, जनावरांना घातलं, आणि रस्ता फोडणारे कधी येतात ते बघत दारात उभी राहिले. आजवर कधी चुकले नाहीत. गावातून पहिली जोडी निघते, प्रत्येक घरापाशी त्या घरचे बैल पुढं जोडतात, आणि आपल्या दाराशी, रस्त्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सहा-सात जोड्या होतात, मग तुम्ही स्टार आणि ब्राइटला जोडता आणि सगळे मिळून प्रार्थनाघरापर्यंत परत जातात. मी सफरचंदाचं सायडर गरम करायला ठेवलं होतं. सवयीनं.

आले. घुंगरं ऐकू आली, ओरडणं ऐकू आलं, बैलांच्या नाकातून वाफा निघताना दिसल्या. आपल्या शेताची दगडी भिंत सुरू होते तिथपर्यंत आले. आणि वळायला लागले.

तेवढ्या बर्फात सहा जोड्या वळवणं सोपं नाही, रिंगण घ्यावं लागतं. सरळ येण्यापेक्षा वळण्यातच जास्त मेहनत. ती मेहनत ते करत होते, तुमच्या शब्दासाठी.

मी तुमचे बूट घातले आणि मांडीएवढ्या बर्फातून भिंतीपर्यंत गेले. कशी गेले ते विचारू नका.

"डीकन! वळताय का?"

डीकननी त्या गारठ्यात टोपी काढली. "शुभ दिवस, डॉर्कसबाई. सकाळी तुमचा धूर दिसला. बरं वाटलं."

"धूर राहू द्या. रस्ता अजून पुढं आहे."

"जोथमनं सगळ्यांसमोर शब्द दिलाय. त्याच्या घराला सावड नको. त्याचा शब्द आम्ही मोडायचा का?"

"जोथम डोंगरावर आहे."

"घर तर त्याचं आहे."

"आणि बर्फ? तेही त्याचंच?"

मागं सायलस फिस्सकन हसला. डीकननी मान वळवून बघितलं तसा खोकायला लागला.

डीकन वाईट मनानं बोलत नव्हते, हे मला दिसत होतं. त्यांना खरंच पुढं यायचं होतं. पण तुमच्या शब्दाचं कुंपण माझ्या कुंपणापेक्षा उंच होतं, आणि ते ओलांडायचं कसं हे त्या भल्या माणसाला कळत नव्हतं. मला मात्र एकदम कळलं. रागानं डोकं कधीकधी स्वच्छ होतं.

"इथंच थांबा," म्हटलं. "वळू नका."

घरी आले. स्टार आणि ब्राइटला जू घातलं. ब्राइट तुमच्याशिवाय कुणाला ऐकत नाही असं तुम्ही नेहमी सांगता. तो मक्याच्या कणसाला ऐकतो. जड घसरगाडी जोडली, तिच्यावर दगड टाकले आणि दारापासून भिंतीकडे निघाले. बैल पोटापर्यंत बुडत होते. दोन पावलं, थांबा, श्वास घ्या, दोन पावलं. मी पुढं तुडवत, ते मागून. पलीकडे ते सगळे उभे, सहा जोड्या, दहा-बारा माणसं. मदतीला कुणी एक पाऊल पुढं टाकलं नाही, आणि कुणी नजरही हटवली नाही. आपले लोक असे आहेत, त्यांचा राग तरी किती करायचा.

भिंतीपाशी पोचले तेव्हा मला बोलायला दम नव्हता. बैलांच्या अंगावर हात टेकून उभी राहिले. मग म्हटलं, "ही माझी जोडी. आता प्रार्थनाघरापर्यंत तुमच्या पुढं चालते. हा माझा एक दिवस. याच्या बदल्यात तुमचा एक दिवस माझ्या लाकडाला."

डीकननी हनुवटी खाजवली. "सावड पुरुषांच्या दिवसाची असते, डॉर्कसबाई. बायकांची गोधडीची, विणकामाची. बाईचा दिवस बैलाला कसा धरायचा? अर्धा धरायचा की..."

"बाईचा कुठं सांगतेय, बैलांचा सांगतेय. रस्ता ते फोडतात. मागं कोण उभं आहे, ते त्यांनाच विचारा."

"बाबा," सायलस म्हणाला, "ब्राइटला विचारू का?"

"सायलस, तोंड मीट."

डीकननी आभाळाकडे बघितलं. तुम्हाला त्यांची ती पद्धत माहीत आहे, जणू वरून उत्तर उतरायची वाट बघतात. मग म्हणाले, "शब्द जोथमचा होता." जुवावरचा बर्फ झटकला. "डॉर्कसबाईंचा कुणी घेतला नव्हता."

आणि टोपी डोक्यावर ठेवली.

मी पुढची जोडी घेऊन सबंध गावातून चालत गेले. खिडक्याखिडक्यांत बायका. पेशन्सनं पडदा बाजूला केला, मला बघितलं, आणि पडदा पुन्हा सोडला. मग परत बाजूला केला.

सायडर सगळे प्याले. तुमच्या वाट्याचंही.

डॉर्कस


फेब्रुवारी, तळ्यावर बर्फाच्या लाद्या कापल्या त्या आठवड्यात

लाकूड झालं. क्रोसबींकडचे दोघं आणि लेम्युएल येऊन एका दिवसात पाडून गेले, मी घसरगाडीवर ओढून आणतेय. बदल्यात मी आणि बैल तळ्यावर उन्हाळ्यासाठी साठवायच्या बर्फाच्या लाद्या ओढायला जातो. बर्फात बाईचा घाघरा फार ओला होतो, म्हणून तुमची जुनी विजार घालते. पाद्री त्याबद्दल काहीतरी बोलणार होते, पण त्यांच्याही लाद्या मीच ओढल्या, म्हणून हवेबद्दल बोलले.

तुमच्या हाताला कुऱ्हाड लागली असं हायरम म्हणाला. सोबत मलम आहे. रोज लावा, आणि कापड उकळून घ्या. डोंगरावर उकळणं चालतं ना? की पाण्यावर अन्याय होतो?

तो असंही म्हणाला, "मावशी, मालक बारीक झालेत. दिवसभर खिडकीत बसून लिहितात. काय लिहिता विचारलं, तर म्हणाले, माणसानं एकट्यानं कसं जगावं ते. मी म्हटलं, मालक, आधी चुलीत लाकूड घाला, विझलीय. म्हणाले, अरेच्चा, खरंच."

मी हसले. मग हसू जरा थांबलं, कारण त्याच आठवड्यात माझी चूल विझली होती. ते सांगते, पण तुम्ही त्याचं व्याख्यान करू नका.

सकाळी लाकूड आणायला वरच्या रानात गेले होते. बैल उभे, घसरगाडी भरलेली, निघायचं होतं. वारा नव्हता. रात्री पाऊस होऊन गोठला होता, त्यामुळे प्रत्येक काडीला काचेचं कवच, आणि ऊन आलं तसं सगळं रान चमकायला लागलं. हे मी दर वर्षी बघते. तुम्ही दाखवायचात तेव्हा मी म्हणायचे, हो हो, बघितलं, चला. त्या दिवशी मला कुणी दाखवलं नाही. एक टिचभर पक्षी, काळ्या टोपीचा, माझ्या हाताच्या लांबीवर येऊन बसला आणि फांदीवरून डोकं खाली करून काहीतरी टोचत राहिला. त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. झाडांनाही नव्हतं. आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. घरात सगळ्यांना माझ्याशी देणंघेणं असतं, जनावरांना, भांड्यांना, तुम्हाला. तिथं कुणाला माझी गरज नव्हती, आणि तरी मी तिथं होते, आणि ते पुरेसं होतं.

मला यापेक्षा नीट सांगता येत नाही. तुमच्या चार पानांत जे होतं ते कदाचित हेच असेल. मला तुमच्या पानांत ते सापडलं नव्हतं एवढं खरं.

किती वेळ उभी होते कोण जाणे. ब्राइटनं जू हलवलं तेव्हा भानावर आले. घरी आले तर चूल थंड. मी, डॉर्कस टिल्सन, जिनं सव्वीस वर्षांत चूल विझू दिली नाही, ती रानात उभं राहून पक्षी बघत होते. कुणाला सांगू नका. पेशन्सला कळलं तर ती खाट लांब करून घेईल, डोक्यावर परिणाम झालाय म्हणून.

चार आठवडे उरलेत म्हणावं तर तेवढेही नाहीत गावसभेला. डीकन परवा आपलं कोठार बघून गेले. नजरेनं मापत होते, त्यांचं गवत कुठवर येईल ते. सावड झाली तरी बोली अजून उभी आहे, आणि ती बोली पुरुषापुरुषांतली. कधीकधी सकाळी उठल्याउठल्या वाटतं, की हे सगळं ओढून, विजार घालून, शेवटी डोक्याला छप्पर लागणार ते लागणारच.

मलम रोज लावा.

पत्र बंद करून पुन्हा उघडलं. वाचून बघताना दिसलं, की परत या असं लिहायचं राहिलं. असो, मेण परत लावते.

डॉर्कस


२ मार्च, गावसभेच्या दुसऱ्या दिवशी

सभेत बायकांना बसू देत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी प्रार्थनाघराच्या बाहेर घसरगाडीवर बसून होते. आत त्यांनी कुंपणं, डुकरं, शाळेची मास्तरीण, सगळं केलं. आपल्या शेताचं काही सभेत यायचं नव्हतं, ती तुमची खासगी बोली. पण मुदत तीच होती, आणि मला घरी बसवेना.

दुपारी माणसं बाहेर आली. डीकन सरळ माझ्याकडे आले. मागं सायलस, आज त्याचं तोंड मिटलेलं.

"डॉर्कसबाई."

"बोला."

"बोलायला कठीण जातंय."

"मग लवकर बोला, म्हणजे लवकर संपेल."

त्यांनी टोपी काढली. मला वाटलं, गेलं. खरं सांगते, मी त्या क्षणी मनात स्वयंपाकघरातली भांडी बांधायला घेतली होती, कढई आधी.

"तुमच्या कोठाराचा मला मोह झाला होता," डीकन म्हणाले. "वरची कुरणंही. हिवाळाभर मी हिशेब करत होतो की त्यात काय पेरीन. हे देवासमोर कबूल केलं, आता तुमच्यासमोर करतो."

"बरं. पुढं?"

"बोली अशी होती, की डॉर्कसला झेपलं नाही तर. मी आज सकाळी फिरून आलो. जनावरं बघितली. लाकूड बघितलं, पुढच्या वर्षाचंही रचलंय तुम्ही. मेंढीला कोकरू झालंय. झेपलं नाही असं मला म्हणता येत नाही. फार प्रयत्न करून बघितला."

"किती दिवस?"

"बर्फापासून."

सायलस म्हणाला, "मावशी, रोज जेवताना करायचे." या वेळी त्याला कुणी गप्प बसवलं नाही.

मी डीकनचे आभार मानले नाहीत, कारण त्यांनी काही दिलं नव्हतं. मी म्हटलं, मेपलच्या झाडांचा रस सुरू होईल, साखर करायला तुमची मोठी कढई लागेल, बदल्यात तुमच्या नांगरणीला बैल येतील. ते म्हणाले, "मागं कोण असेल?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "ठीक."

बस, एवढंच झालं. घरी आले आणि चुलीसमोर बसून थोडी रडले. ते दमल्यामुळे.

पेशन्सनं वरच्या खोलीत बटाटे ठेवले.

डॉर्कस


एप्रिल, रस संपल्यावर

जोथम,

तुमचं पत्र काल मिळालं. एकच पान. पहिल्यांदाच मला शोधावं लागलं नाही.

तुम्ही लिहिता, प्रयोग पुरा झाला. वर्ष झालेलं नाही, पण माणसाला जे कळायचं ते ऋतू मोजून कळत नाही. हाताचं बरं आहे. हिवाळा लांब होता. एके दिवशी तुम्ही मोठ्यानं बोललात आणि आपलाच आवाज ऐकून दचकलात. मेंढीचे मोजे तुम्ही घातलेत. आणि पुढच्या शनिवारी घरी येताय.

हे वाचून मला बरं वाटलं. खोटं लिहिणार नाही. तुम्ही दचकलात तिथं मला वाईटही वाटलं. सव्वीस वर्षांत तुम्ही मला फार शब्दांत पुष्कळ सांगितलंत, पण मी दचकलो असं कधी म्हणाला नव्हतात.

तरी मी तुम्हाला सांगते, शनिवारी येऊ नका.

कागद खाली ठेवू नका, पुढं वाचा. मी रागानं लिहीत नाही. राग जानेवारीतच बर्फाबरोबर गेला. डीकनचाही नाही, तुमचाही नाही. साखर झाली, चांगली झाली. कोकरं तीन झाली. सकाळी मी उठते, दार उघडते, आणि कुणी विचारत नाही की डॉर्कस, काय करतेस. कधी मी काहीच करत नाही. पायरीवर बसते. ओढ्याला पाणी आलंय, त्याचा आवाज घरात ऐकू येतो. इतकी वर्षं तो येतच असणार. मग उठते आणि सगळं काम करते, पूर्वीपेक्षा कमी होत नाही, उलट लवकर होतं. जेवताना मी ताटात बघते आणि विचार करते. कसला ते सांगता येणार नाही, अजून तो पुरा झालेला नाही. माझ्या डोक्यात काय चालतं ते पाहायला मला आजवर सवड नव्हती, आणि आता ते नुकतंच कुठं सुरू झालंय. तुम्ही आलात की मी पहिल्या दिवशी तुमच्यासाठी भाकर थापीन, दुसऱ्या दिवशी तुमची विजार धुवीन, आणि रविवारपर्यंत विसरून जाईन. तुम्ही मला सांगाल म्हणून नव्हे. माझे हातच तसे आहेत. तुम्हाला हे कळेल असं मला वाटतं. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, पेशन्सला तर नाहीच. तुम्हीच ते शोधायला गेला होतात.

कायदा मला माहीत आहे. घर तुमचं, जमीन तुमची, बैल तुमचे, मी घातलेली विजारसुद्धा तुमची. तुम्ही शनिवारी दारात उभे राहिलात तर दार लावून घ्यायचा मला हक्क नाही, आणि मी लावणारही नाही. आत या म्हणेन, सूप वाढीन. म्हणूनच विचारतेय. नाहीतर मी कधी विचारणारी बाई आहे का?

तुम्ही गेलात तेव्हा मला विचारलं नाही. मी विचारते. मला सफरचंदं उतरवेपर्यंतचा वेळ द्या. उन्हाळा फक्त. तोवर कुठं राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, डोंगरावर राहा नाहीतर खालच्या गावात मास्तरकी करा, तिथं माणूस हवाय असं ऐकते. बोलायला माणसंही मिळतील, दचकायला होणार नाही. ऑक्टोबरात या. तेव्हा मी कोण असेन ते मला माहीत नाही. मी तुम्हाला पटले तर राहा. मला वाटतं पटेन. निदान चूल विझली तर तुम्ही ओरडणार नाही.

नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, चार पानं लिहू नका. हो म्हणायचं असेल तर तेवढंच लिहा.

उत्तर हायरमजवळ द्या. स्वतः घेऊन येऊ नका.

डॉर्कस